विश्लेषण : घोडा पडला की घर बसायचे! असईच्या रणातील तरुण शिलेदार आणि त्याचे घोडे

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई तोफांसाठी आणि आर्थर वेलस्लीच्या धाडसासाठी ओळखली जाते. त्या रणात हजारो घोडेही होते. मराठा स्वाराचे त्याच्या घोड्याशी असलेले नाते नेमके कसे होते आणि त्याचा लढाईवर काय परिणाम झाला?

‘वॉर हॉर्स’ या मायकेल मॉर्पर्गो यांच्या १९८२ मधील कादंबरीत आणि तिच्यावर बेतलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०११ मधील चित्रपटात इंग्लंडच्या खेड्यातला एक मुलगा आणि त्याचा लाडका घोडा यांची पहिल्या महायुद्धात ताटातूट होते. पैशाच्या अडचणीमुळे बाप घोडा लष्कराला विकतो आणि मुलगा मागे राहतो. दख्खनमध्ये ही गोष्ट अशी घडलीच नसती. इथे घोडा सरकारने विकत न्यायचा आणि पोराने वेशीत उभे राहून डोळे पुसायचे, असा प्रकार नव्हता. घोडा घरचा आणि स्वारही घरचाच. दोघे एकत्र मोहिमेवर निघत आणि परतलेच तर बहुधा एकत्रच परतत.

शिलेदार आणि बारगीर यांत फरक काय?

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारकडून किंवा सरदाराच्या पागेतून मिळत, तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई, तो शिलेदार. शिलेदाराला पगार जास्त आणि मानही जास्त. मात्र घोड्याची चंदी, वैरण, नाल, खोगीर, दुखणेखुपणे हे सगळे त्याच्या गळ्यात. घोडा मेला तर शिलेदार एका दिवसात बारगीर होई, नाही तर थेट घरी बसे. ‘शिलेदारी’ हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो. तेव्हा ती एका जनावराच्या चार पायांवर उभी असलेली मिळकत होती.

शिवाजी महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे बारगिरांकडे होता. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, अशी बांधणी सभासद बखरीत दिली आहे. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आधीच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. रात्री दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते. घोड्याची काळजी हा राज्यकर्त्याच्या हिशेबाचा भाग होता, तो असा.

पेशवाईच्या काळात शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. राज्यावरचा घोड्यांचा खर्च कमी झाला आणि जोखीम खेड्यातल्या घरावर आली. मुलगा हाताशी आला की बाप त्याच्या हाती लगाम देई. खरारा करणे, तोबरा बांधणे, अगाडी-पिछाडीचे दोर तपासणे, खुरात अडकलेला खडा काढणे ही कामे ज्याला घरी येत, तोच मोहिमेवर टिके. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी जनावरे बुटकी, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर लांब पल्ला मारणारी. अरबी घोड्याचा डौल त्यांच्यात नव्हता. मात्र डोंगरातून रात्रभर चालायचे असेल तर शिलेदाराला याच घोड्याचा भरवसा वाटे.

असईला काय घडले?

दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला. तो दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना मान्य होणे शक्य नव्हते, आणि त्यातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. जालन्याचा किल्ला कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर १८०३ रोजी घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोन वाटांनी पुढे जायचे आणि एकत्र येऊन हल्ला करायचा, असे ठरले. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, वेलस्ली नळणीजवळ पोहोचला. भोकरदनच्या बाजूला असल्याचे सांगितले गेलेले मराठा सैन्य प्रत्यक्षात अगदी जवळ निघाले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ल्याचा निर्णय घेतला.

केळणा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे होती. गावे अशी समोरासमोर आहेत, तर मधे पाण्यात उतार असणारच, हा वेलस्लीचा तर्क खरा ठरला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात त्याने फौज घुसवली. नदी ओलांडतानाच मराठा तोफांच्या एका गोळ्याने त्याच्यासोबतच्या ऑर्डर्ली स्वाराचे डोके उडाले. जॉन ब्लॅकिस्टन हा तरुण अभियंता अधिकारी त्या वेळी तिथे होता. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने पुढचे वर्णन केले आहे. खोगिराच्या सामानात अडकल्यामुळे धड काही वेळ बसूनच राहिले आणि बिथरलेले जनावर ते ओझे पाठीवरून झटकण्यासाठी धडपडत राहिले. असईविषयीच्या लिखाणात शौर्याची वर्णने भरपूर आहेत. पण त्या दुपारी घोड्यांवर काय गुदरले, हे या एका प्रसंगाइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसते.

शिंदेंच्या कवायती पलटणी अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकमतीत होत्या. असई गावाजवळ इंग्रजांची ७४ वी हायलँडर्स पलटण वाट चुकून तोफांच्या तोंडी सापडली, तेव्हा मराठा स्वार तिच्यावर तुटून पडले आणि ती जवळपास संपवली. त्यांना हटवण्यासाठी मॅक्सवेलच्या हाताखालच्या १९ व्या लाइट ड्रॅगून्सना आणि मद्रासच्या घोडदळाला चाल करावी लागली. पुढे मॅक्सवेलही पडला. दिवसअखेर कंपनीकडचे ४२८ ठार आणि हजाराहून अधिक जखमी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या.

नदीच्या दक्षिण तीरावर इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांचे आणि म्हैसूरचे स्वार पहारा देत उभे होते, हे सहसा विसरले जाते. मराठा शिलेदार त्या दिवशी दोन्ही बाजूंना होता. दौलतराव शिंदे २४ वर्षांचे. वेलस्लीच्या शेजारून घोडा चालवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही चोविशीला टेकलेला होता. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला.

मराठा घोडदळ सगळे का तुटून पडले नाही?

हजारोंच्या संख्येने असलेल्या मराठा स्वारांपैकी मोठा भाग लढाईत शेवटपर्यंत उतरला नाही. इंग्रजी ग्रंथांत याची कारणे भित्रेपणा आणि बेशिस्त अशी दिलेली सापडतात. नेतृत्वाचा घोळ होता हे खरे. पण भित्रेपणाचे कारण अर्धवट आहे आणि अन्यायाचेही. ज्याचा घोडा सरकारचा, त्याला तोफेच्या तोंडी घोडा घालताना फक्त जिवाची भीती. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याच्यासमोर घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, पुढच्या सालाची चाकरी हे सगळे उभे. मुघल फौजेबद्दलही हेच निरीक्षण अनेकांनी नोंदवले आहे. घोडा गेला तर स्वार कफल्लक, म्हणून समोरासमोरच्या झुंजीत तो हात आखडता घेई.

यातून मराठ्यांची युद्धपद्धतीही घडली. रसद तोडायची, पाठलाग करून दमवायचे, घाव घालून निसटायचे. गनिमी काव्याचे श्रेय डोंगरदऱ्यांना दिले जाते, ते योग्यच. घोडा वाचवण्याच्या गरजेलाही थोडे द्यायला हवे. ज्या जनावराला आपण रात्री उशाशी बांधून झोपतो, त्याला उघड्या माळावर तोफांपुढे नेणे कोणत्या विशीतल्या पोराला सोपे गेले असते?

महादजींच्या घोडीची गोष्ट काय?

दौलतराव ज्यांचे वारस, त्या महादजी शिंद्यांची कहाणी याच्याशी जोडलेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतातून निसटताना तिशीच्या आतबाहेरचे महादजी एका उमद्या दख्खनी घोडीवर होते. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला. शेवटी थकलेली घोडी खड्ड्यात कोसळली आणि त्या अफगाणाच्या वाराने महादजींचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. तो अफगाण आणि त्याचे धिप्पाड जनावर पुढे कित्येक वर्षे स्वप्नात येत राहिले, असे महादजी सांगत, अशी नोंद इंग्रज इतिहासकारांनी केली आहे. याच महादजींनी १७८४ मध्ये द बॉइनला नेमून कवायती पायदळ आणि तोफखाना उभारला. असईच्या रणातल्या तोफा हा त्याच उभारणीचा वारसा.

सेनापतीच्या घोड्यांचे काय झाले?

असईला वेलस्लीच्या दोन घोड्यांना मार बसला. एक गोळी लागून खाली पडला. दुसऱ्याला, डायोमीड नावाच्या अरबी घोड्याला, भाल्याचा घाव बसला. हा घोडा त्याला मृत्युशय्येवरच्या मित्राने दिला होता. १७९८ मध्ये द्वंद्वयुद्धात घायाळ झालेल्या कर्नल ॲस्टनने मरताना तो त्याच्या हवाली केला होता. वॉटर्लूच्या लढाईतला वेलस्लीचा ‘कोपनहेगन’ तर १८३६ मध्ये लष्करी इतमामात पुरला गेला. दोघांचीही नावे इतिहासात राहिली. फरक इतकाच, की जनरलचा घोडा मेला तर त्याला दुःख होई. शिलेदाराचा मेला तर त्याच्या घरात चूल पेटण्याचा प्रश्न येई.

शिलेदारी कधी संपली?

गंमत अशी, की ज्यांनी मराठ्यांना हरवले त्या इंग्रजांनीच ही पद्धत उचलली. भारतीय फौजेतील बहुतेक घोडदळात ‘सिलादार’ रेजिमेंटे होती. नवा जवान घोड्यासाठी पैसे भरे, त्याच्या जागेला ‘असामी’ म्हणत आणि असामी विकत-बदलताही येई. १९ व्या शतकात जालन्यात ज्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिचे घोडदळही याच पद्धतीचे. १९०३ मध्ये त्यातून ‘२० वी डेक्कन हॉर्स’ तयार झाली आणि १४ जुलै १९१६ रोजी तिने फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडजवळ भाले सरसावून चाल केली. समोर मशीनगन होत्या. इतके घोडे मारणाऱ्या युद्धात जवानाने स्वतःचा घोडा भरून काढायचा, हे गणित जमेना. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, सिलादारी पद्धत बंद झाली.

२३ सप्टेंबर ही तारीख घोडदळाच्या इतिहासात आणखी एकदा येते. १९१८ मध्ये याच दिवशी जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा शहर घेतले. जोधपूरच्या स्वारांचे नेतृत्व करणारे मेजर दलपतसिंग शेखावत त्यात मारले गेले, तेव्हा ते विशीतच होते.

दख्खनी घोडा मात्र पुरता संपलेला नाही. ‘भीमथडी’ला अलीकडेच घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांतल्या मेंढपाळ धनगरांकडे ती टिकून आहे. मेंढरांमागे वाडा हलतो तेव्हा तिच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, खाटेचे बाज, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी सर्वांत वर एखादे लहान मूल असते.