चोरांची खूण आणि गरिबाची बोली

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात काही विपरीत घडले की गुन्हा नोंदविला जातो तो धंतोली पोलीस ठाण्यात. ३१ मार्च २०१५ रोजी या कारागृहातून पाच कैदी गज कापून, भिंत ओलांडून पळाले. पुढच्या झडत्यांत बराकींमधून मोबाईल निघाले. सुरक्षेचे काय, असे सर्वांनी विचारले. आम्हाला मात्र दुसराच प्रश्न पडतो. जो जगाला फसवितो, तो आपल्यासारख्याच दुसऱ्या फसव्यावर विसंबतो कसा?

वाटा बुडाला म्हणून चोराला कोर्टात जाता येत नाही. म्हणून त्याला विश्वासाची वेगळी व्यवस्था लागते. नवा माणूस जुन्या माणसाच्या हमीवरच टोळीत येतो. हवालाच्या धंद्यात नोटेचा नंबर आधी कळवितात, ती नोट दाखविणाऱ्याच्या हाती रक्कम पडते. ना पावती, ना सही. सर्वात पक्की गाठ असते ती एकमेकांच्या पापाची. तुझे मला ठाऊक, माझे तुला ठाऊक. बुडालो तर दोघेही बुडू. इटालियन समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी २००९ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सांगितले आहे. गुन्हेगारांच्या जगात भोगलेली कैदसुद्धा प्रमाणपत्र ठरते, कारण ती सहसा खोटी दाखविता येत नाही.

म्हणजे गुन्हेगारांची भाषा जातीतून येत नाही, ती धंद्याच्या गरजेतून येते. पण सत्तेने ती शोधली कुठे? १८३६ साली स्लीमनने ठगांच्या शब्दांचा कोश छापला. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. १९०८ साली केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक लिहिले. त्यात चेहरेपट्टी, पेहराव यांच्या जोडीला बोलीच्याही नोंदी केल्या. पारध्यांची बोली गुजरातीजवळची, कैकाड्यांची तमिळजवळची. आईने लेकराला शिकविलेली ही बोली साहेबाला कळली नाही, म्हणून ती संशयाची झाली!

या जमातींत चोरी करणारे नव्हतेच, असे आम्ही म्हणत नाही. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त (१९८७) ते लपविलेले नाही. पण त्या चोरीमागची भूकही त्यांनीच दाखविली.

आता याच नागपुरातले दुसरे उदाहरण पाहा. २००१-०२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये दलालांमार्फत सरकारी रोख्यांसाठी गेले. रोखे बँकेला मिळालेच नाहीत. पैसा होता शेतकऱ्यांचा आणि ठेवीदारांचा. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झाले. अपिलाचा निकाल काहीही लागो, आमचा मुद्दा वेगळा आहे. कोट्यवधींचा व्यवहार दलालाच्या कागदावर झाला, तेव्हा त्या कागदी भाषेचा कोश कोणी काढला नाही. दलालांची जमात कोणी गुन्हेगार ठरविली नाही. ठरवूही नये. गुन्हा माणसाचा असतो, जमातीचा नसतो. मग हा न्याय पारध्याच्या पालापर्यंत का पोहोचत नाही?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, पण 'सराईत गुन्हेगार' कायद्यांच्या रूपाने त्याची सावली उरली. तुरुंगात जातीनुसार कामे वाटली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात ती वाटणी घटनाबाह्य ठरविली आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. बाबासाहेबांच्या संविधानाचे हे बळ आहे.

वहीतला रकाना पुसणे सोपे आहे, मनातला अवघड. गावाबाहेर पाल पडले आणि कानावर अनोळखी बोली आली की आपलाही हात कुलूप चाचपतो का? चळवळीतल्या प्रत्येकाने हे आधी स्वतःला विचारावे. ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ मानला गेला, त्यांनी दुसऱ्याच्या बोलीचा विटाळ मानू नये.