बॅटीचा वेग आणि चेंडूची मुदत

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शालेय क्रीडास्पर्धांत कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांच्या पंक्तीला सॉफ्टबॉल व बेसबॉल हे मूळचे अमेरिकी खेळ येऊन बसले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तरीही मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रेक्षक, आणि कित्येकदा खुद्द प्रशिक्षकही, ज्याची बॅट मोठ्या घेरातून फिरते तोच मोठा फटकेबाज असा फैसला देऊन मोकळा होतो. अंगमेहनतीची आणि आखाड्याची कदर करणाऱ्या आपल्या मुलखात हे साहजिक असले, तरी या फैसल्याने विशेषतः लहान चणीच्या मुलामुलींवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेसबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी फलंदाजाजवळच्या होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते, आणि पाऊल पुढे टाकून तो चेंडू सोडतो तेव्हा प्रत्यक्ष अंतर सतरा मीटरच्या आसपास उरते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात तोडतो. बॅट हलू लागल्यापासून चेंडूला भिडेपर्यंत निष्णात खेळाडूलाही सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू पाहणे, त्याचा वेग व वळण ओळखणे आणि मारावा की सोडावा हे ठरवणे, या साऱ्या कारभाराला पाव सेकंदाची मुदत मिळते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्याखालून फेकला जातो म्हणून तो खेळ सौम्य, हा समजही निराधार आहे, कारण तिथे पिचर १३.११ मीटरवरच उभी असते आणि ताशी १०५ किलोमीटरचा तिचा चेंडू समोरच्या मुलीला तेवढीच अपुरी मुदत देतो.

फटक्याचे बळ दंडात असते असे वाटते खरे, पण ते उगम पावते जमिनीत. पुढचे पाऊल रोवले जाते, कंबर वळते, कमरेमागून धड, धडामागून खांदे आणि सर्वांत शेवटी हात व मनगटे येतात. प्रत्येक अवयव आपली गती पुढच्याच्या स्वाधीन करून स्वतः मंदावतो, आणि ती सारी संचित गती अखेर बॅटीच्या टोकाशी गोळा होते. या वेगाचे मोल मोठे आहे: लाकडी बॅटीने नेमक्या जागी घेतलेल्या फटक्यात परतणाऱ्या चेंडूच्या वेगावर बॅटीच्या वेगाचा प्रभाव पिचरच्या वेगापेक्षा सुमारे सहापट असतो, असे या खेळाचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ सांगतात. मग हात लांबवून, बॅट मागे ओढून, मोठ्या वर्तुळातून का फिरवू नये? ज्वारीच्या मळ्यातला राखणदार गोफण डोक्याभोवती हवी तितकी गरगरवू शकतो, कारण धोंडा केव्हा सोडायचा हे त्याच्या मर्जीवर असते. बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला ही मुभा नाही, कारण त्याची वेळ दुसऱ्याच्या हातून सुटलेली असते.

इथेच वेग आणि चपळाई यांचा जमाखर्च सुरू होतो. लांब मार्गाने आलेली बॅट टोकाशी अधिक वेगवान असते, पण तिला लवकर निघावे लागते, आणि जी लवकर निघते तिने चेंडू कमी पाहिलेला असतो. उलट कोपर अंगाजवळ ठेवून आखूड मार्गाने नेलेल्या बॅटीला थोडा वेग गमवावा लागला, तरी निर्णय क्षणभर तहकूब ठेवता येतो. हा क्षण क्षुल्लक नव्हे, कारण सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी चूकही सरळ जाणारा फटका फाउलच्या रेषेबाहेर घालवायला पुरते. क्रिकेटची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटकन उमगत नाही. तिथे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवरही धावा मिळतात, इथे मिळत नाहीत.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२४ पासून प्रत्येक फटक्यातील बॅटीच्या वेगाची आणि तिने कापलेल्या अंतराची नोंद जाहीर होऊ लागली, आणि या जुन्या वादाला आकड्यांचा दस्तऐवज मिळाला. त्या वर्षी जियानकार्लो स्टँटनच्या बॅटीचा सरासरी वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होता, आणि २०१७ च्या एकाच हंगामात ५९ होमरन मारणारा हा धिप्पाड फलंदाज वेगवान बॅटधारकांत अग्रभागी होता; लुईस अराएझचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सर्वांच्या तळाशी, आणि त्याच्या बॅटीचा मार्गही अत्यंत आखूड. पण २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही हंगामांत, तीन निरनिराळ्या संघांकडून खेळताना, त्या त्या संघाच्या लीगमधील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान याच अराएझने मिळवला. होमरन त्याच्या खाती मोजकेच, आणि चेंडू हुकून बाद होण्याचे प्रसंग स्टँटनच्या तुलनेत अगदी थोडे. पूर्वीही हेच दिसले होते: १९२७ साली ६० होमरन मारणारा बेब रूथ किलोपेक्षा जड बॅट वापरी, तर आठ वेळा फलंदाजीत अव्वल ठरलेल्या टोनी ग्विनची बॅट नऊशे ग्रॅमच्याही आत असे.

वजनासंबंधी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बॅट फिरवायला किती जड जाईल हे केवळ तिच्या तराजूवरील वजनावर ठरत नाही. ते वजन मुठीपासून किती दूर आहे यावर अधिक ठरते, आणि हे अंतर दुप्पट झाले की त्या भागाचा विरोध चौपट होतो. ज्या शाळेत साऱ्या संघासाठी दोनच बॅटी असतात आणि सर्वांत किरकोळ मुलीलाही थोरल्या मुलीचीच बॅट उचलावी लागते, तिथे बिनखर्चाची तजवीज एकच: पकड मुठीच्या टोकापासून दोन-तीन बोटे वर घेणे. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी मुलांचे फार नुकसान केले आहे.

सॉफ्टबॉलमध्ये तर चपळाईचे पारडे आणखी जड होते, कारण धावत गाठायचा पहिला बेस बेसबॉलमध्ये ९० फुटांवर तर इथे ६० फुटांवरच असतो, आणि जमिनीलगत गेलेला साधा फटका अडवून फेकेपर्यंत वेगवान मुलगी तिथे पोहोचू शकते. म्हणूनच या खेळात डावखुऱ्या बाजूने उभे राहून, चेंडू येत असतानाच धावायला आरंभ करून, बॅटीने त्याला नुसता छोटा तडाखा देण्याची स्वतंत्र पद्धत विकसित झाली. डावखुऱ्यांची बाजू पहिल्या बेसला एक-दोन पावले जवळ असल्याने उजव्या हाताने खेळणाऱ्या कित्येक वेगवान मुलींनाही ती मुद्दाम शिकवली जाते.