डिस्क प्लेअर निवडताना

दुकानात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा. नुसत्या सीडीच असतील, तर चांगला सीडी प्लेअर घ्या. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओही वाजवणाऱ्या मल्टि-फॉरमॅट प्लेअरचा खर्च वाया जाईल.

सीडी 1982 साली आली : 16 बिट, सेकंदाला 44,100 नमुने. सोनी-फिलिप्सची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) 1999ची. तिची रीतच वेगळी, एकच बिट, पण सेकंदाला 28,22,400 वेळा. डीव्हीडी-ऑडिओ तिच्या मागोमाग आली.

खरी मेख जोडणीत आहे. एसएसीडीचा मूळ डिजिटल सिग्नल ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल केबलमधून मिळत नाही. त्यासाठी एचडीएमआय हवं आणि तो ओळखणारा रिसीव्हरही. साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर सगळी भिस्त प्लेअरमधल्या डीएसीवर (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या भागावर) आणि अ‍ॅनालॉग आउटपुटवर. तिथेच पैसे मोजा. हायब्रिड एसएसीडी लावली की डिस्प्लेकडेही नजर टाका. सेटिंग चुकलेलं असेल, तर प्लेअर तिच्यावरचा सीडीचा थर वाजवत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

मल्टि-फॉरमॅट प्लेअर बनवणाऱ्या ओप्पो कंपनीने 2018 मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं, त्यामुळे अनेकजण जुन्या बाजाराकडे वळतात. जुना घेताना त्याचा बदली लेझर पिकअप (डिस्क वाचणारा भाग) मिळतो का, हे आधी विचारा. घरी कॉपी केलेली एखादी सीडी-आरही सोबत न्या. सगळेच प्लेअर ती वाचत नाहीत.

प्लेअर ऐकून पाहताना ख्यालाची सुरुवात लावा. गायक स्वर लावण्याआधी नुसता तानपुरा घुमत असतो. जोडीच्या तारांवरचा षड्ज विरत जाताना शेवटपर्यंत कानावर येतो का, आणि मध्येच ट्रेमधली डिस्क घरघरते का, हे तेवढ्या वेळातच कळतं.