लोकरीच्या गोंड्यावर मत्स्यबीज

बुटीबोरीच्या परिसरात थंडी ओसरून पाणी कोमट होऊ लागले, की काचपेटीतील गोल्डफिश अंडी घालण्याच्या तयारीस लागतात. सायप्रिनस माशाप्रमाणेच यांचीही अंडी चिकट असतात. तळ्यात अशी अंडी जलपर्णीच्या मुळांवर धरतात. काचपेटीत मात्र आधार नसल्यास ती तळाशी पडतात आणि नर-मादीच ती खाऊन टाकतात.

यावर उपाय सोपा आहे. कृत्रिम लोकरीचे वीतभर लांबीचे धागे मध्यभागी बांधून गोंडा करावा. रंग उतरेपर्यंत तो उकळावा व बुचाला बांधून पाण्यात सोडावा. सुती धागा कुजतो. तो वापरू नये.

गोंडा अंडी घालण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पेटीत ठेवणे अगत्याचे आहे. या अवधीत धाग्यांवर जिवाणू, शेवाळ व सूक्ष्म प्राणी यांचा बुळबुळीत थर चढतो. पिल्ले प्रथम अंड्यातील बलकावर जगतात. तो संपताच उपासमारीने पुष्कळशी दगावतात. त्या वेळी हा थर त्यांच्या तोंडाजवळच आहार पुरवितो. नळाच्या ताज्या पाण्यात गोंडा धुऊ नये. क्लोरिनमुळे थर नष्ट होतो.

अंडी दिसताच गोंडा त्याच पेटीतील पाणी भरलेल्या दुसऱ्या भांड्यात हलवावा व हवा मंद सोडावी. पांढरी पडलेली अंडी काढून टाकावीत, अन्यथा बुरशी पसरते. साधारणतः तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर पडतात.

जास्तीची पिल्ले नाल्यात वा तलावात कदापि सोडू नयेत. स्थानिक माशांना त्यापासून अपाय संभवतो.