वारा थांबला की इंजिन तापते

मोटारीचे इंजिन पेट्रोल जाळून चाके फिरवते, पण त्या पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनात ढोबळमानाने एक चतुर्थांश ऊर्जा कामी येते. सुमारे एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच सिलिंडरच्या भिंतींतून धातूत शिरते. सिलिंडरमधल्या ज्वाळेचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. तरीही इंजिन शाबूत राहते, कारण भोवती फिरणारे पाणी ही उष्णता सतत उचलून रेडिएटरकडे नेते आणि रेडिएटर ती हवेत सोडतो.

ही उष्णता किती असते, याचा हिशेब सोपा आहे. लिटरला १५ किलोमीटर चालणारी छोटी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातला तिसरा हिस्सा पाण्यात उतरला, तर रेडिएटरला सुमारे १२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. तीच मोटार सिग्नलला नुसती चालू उभी असेल, तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जळते आणि पाण्यात दोन ते तीन किलोवॉट उष्णता उतरते, म्हणजे न्हाणीघरातल्या साध्या गिझरइतकी. उभ्या गाडीत उष्णता चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते, आणि तरीही तापमानाचा काटा वर चढतो तो नेमका उभ्या गाडीतच.

कारण वारा थांबलेला असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला रेडिएटरवर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाचा वारा आपोआप आदळतो. गाडी थांबली की तो शून्यावर येतो आणि सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो. त्यात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेणे आणि लगेच ब्रेक मारणे यात पेट्रोल अधिक जळते, वारा मात्र वाढत नाही. म्हणून जुन्या मोटारीची खरी परीक्षा मोकळ्या हमरस्त्यावर होत नाही. ती होते लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंडच्या रांगेत, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर किंवा संध्याकाळी दहिसर चेकनाक्याकडे सरकणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर.

मुंबईचा उन्हाळा आणि रेडिएटर

माणसाला मुंबईच्या उन्हाळ्यात छळतो तो दमटपणा, कारण हवेत बाष्प असले की घाम वाळत नाही. रेडिएटर मात्र घाम गाळून थंड होत नाही. त्याच्या पापुद्र्यांवरून हवा जाते आणि उष्णता घेऊन पुढे सरकते, इतकेच. त्यामुळे त्याच्या दृष्टीने महत्त्व असते ते हवेच्या साध्या तापमानाला. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर दोहोंत ६० अंशांचा फरक असतो. हवा ४० अंशांवर गेली की फरक ५० अंशांचा उरतो आणि त्याच वाऱ्यात रेडिएटरची क्षमता एक षष्ठांशाने घटते. कोंडीत समोरच्या बसचा धूर आणि तापलेल्या डांबरावरची हवा मिळून बंपरजवळचे तापमान ५० अंशांवर गेले, तर ती एक तृतीयांशाने घटते.

मुंबईत असे दिवस मे महिन्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये अधिक येतात. एरवी दुपारच्या आधीच समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा आटोक्यात ठेवतो. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की हा समुद्री वारा उशिरा येतो आणि तोवर शहर तापत राहते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश, तर १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले. समुद्री वाऱ्याला पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरावे लागते. अंधेरीला तो आधी पोहोचतो, मुलुंडला नंतर.

दमटपणाचा त्रास गाडीला होतो तो आडवाटेने, एसीमार्फत. दमट हवा थंड करताना एसीला तिच्यातले बाष्पही पाण्यात बदलावे लागते. ती सारी उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडते आणि बहुतेक गाड्यांत हा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते.

दोन पिढ्या, दोन पंखे

उपनगरांचे आणि जुन्या मोटारींचे नाते जवळचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. इटलीच्या फियाट ११०० गाडीवर बेतलेली आणि पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखली गेलेली मोटार तिथेच तयार होत असे. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून दिसतात.

पद्मिनीचा पंखा फॅन बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. पंख्याने ओढलेली हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असते. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असताना जेवढी हवा मिळते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला मिळतो. म्हणजे वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच हा पंखा सर्वांत मंद असतो. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० पासून घराघरांत पोहोचलेल्या पिढीत पंखा विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मोस्विच त्याला चालू करतो. मग इंजिन मंद फिरत असले तरी पंखा पूर्ण वेगाने चालतो. कोंडीसाठी ही रचना अधिक चांगली आहे. पण स्विच, रिले, फ्यूज, वायर किंवा मोटर यांतले काहीही बिघडले की पंखा मुकाट बंद राहतो आणि मोकळ्या रस्त्यावर ते लक्षातही येत नाही. दुरुस्तीत वायरी उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरून हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. पंख्याभोवतीचे श्राउड काढून टाकले असेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत राहतो.

पाणी, दाब आणि झाकण

रेडिएटरचे झाकण हा या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. वातावरणाच्या दाबापेक्षा ०.९ बार अधिक दाब धरणारे झाकण बसवले, तर ते सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैलावली की ही राखीव मर्यादा नाहीशी होते आणि काटा फारसा वर नसतानाही पाणी उकळून बाहेर येते. बाकी सारे ठीक असूनही गाडी तापते, तेव्हा आधी झाकण बदलून पाहावे.

कूलंट हे पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचे मिश्रण असते. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात. मुंबईत त्याचे काम वेगळे आहे: उकळबिंदू आणखी वाढवणे आणि गंज रोखणे. नुसते पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते, पण लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, पितळ अशा वेगवेगळ्या धातूंना ते कुरतडते. कूलंटमधले गंजरोधक दोन-तीन वर्षांत संपत येतात. त्यानंतर ते बदलावेच लागते. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र केल्यास साका धरण्याची भीती असते. ग्लायकोल गोडसर आणि विषारी असल्याने काढलेले कूलंट सोसायटीच्या आवारात ओतू नये; कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

टाकीत वेळोवेळी बोअरवेलचे पाणी भरणे सर्वांत घातक. खाडीकाठच्या उपनगरांत हे पाणी अनेकदा मचूळ असते. त्यातल्या क्लोराइडने धातू गंजतो आणि क्षारांचे थर नळ्यांत बसतात. तांब्याच्या तुलनेत अशा थरातून शंभरावा हिस्साही उष्णता नीट पार होत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतून असा चोंदलेला असतो. जुना पितळी रेडिएटर खोलून नळ्या साफ करता येतात, याला कारागीर रॉडिंग म्हणतात. प्लास्टिकच्या टाक्यांचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर मात्र बहुधा बदलावाच लागतो.

वयानुसार येणारे दोष

बाहेरच्या पापुद्र्यांत धूळ, पाने आणि कीटक साचतात. मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या कामांची बारीक धूळ त्यात भर घालते. ती हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे दुमडतात. सैल फॅन बेल्ट घसरतो, तेव्हा पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंदावतात. होज पाइप दाबून पाहिल्यास कडक, भेगाळलेला किंवा गिळगिळीत लागला, तर तो बदलण्याच्या लायकीचा समजावा. गाडी सीएनजीवर असेल, तर आणखी एक जागा तपासावी. टाकीतला २०० बार दाबाचा वायू रिड्यूसरमध्ये प्रसरण पावताना अतिशय थंड होतो, म्हणून इंजिनाचे गरम पाणी त्याच्याभोवती फिरवलेले असते. त्या दोन बारीक नळ्यांचे सांधे ही गळतीची नेहमीची ठिकाणे.

तापणाऱ्या गाडीतून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे आणि ८०-८५ अंशांच्या पुढे वाट मोकळी करणे, हे थर्मोस्टॅटचे काम. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे नवा थर्मोस्टॅट. तो काढून टाकल्यास इंजिन दीर्घकाळ थंड राहते, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्याविना पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनातच फिरत राहतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पाणी ठीक असूनही कोंडीत इंजिन बंद पडते, ते अनेकदा पेट्रोलमुळे. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडू लागतात. तापलेल्या इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक फ्यूएल पंपात किंवा नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पंप पेट्रोल ओढू शकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या टॅक्सीचालकांची पद्धत शास्त्राला धरून आहे: पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जाते.

काटा वर चढल्यावर

काटा नेहमीच्या जागेवरून हलताच एसी बंद करावा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करून खिडक्या उघडाव्यात. हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो. पंखा बेल्टवर चालणारा असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन १५०० फेऱ्यांच्या आसपास चालवल्याने पंखा आणि पंप दोन्हींचा वेग वाढतो. पुढच्या गाडीला चिकटून न राहता अंतर ठेवावे, म्हणजे तिचा धूर थेट रेडिएटरवर येत नाही.

काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण उघडू नये; दाब सुटताच शंभर अंशांच्या वरचे पाणी एकदम उकळून अंगावर येते. वरचा होज हाताला सोसवेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, थांबावे. मग फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे आणि इंजिन चालू करून थोडे थोडे पाणी घालावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. लाल पट्टीतला काटा अचानक खाली आला, तर तो दिलासा समजू नये. पाणी संपल्याने सेन्सर कोरडा पडला की तो खोटे तापमान दाखवतो.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता जाते. म्हणून पाणी उकळत असेतोवर इंजिन बहुधा वाचते. पाणी संपल्यावर चालवलेले इंजिन काही मिनिटांत बिघडते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. लोखंडी ब्लॉकवरचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड त्यामुळे वाकते आणि मधले गॅस्केट उडते. नंतर पांढरा धूर येणे, ऑइल दुधाळ होणे किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे. ती दिसल्यास गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी आणि हेड फेसिंग करून घ्यावे. झाकण, बेल्ट, होज, कूलंट आणि पंखा यांची तपासणी दरवर्षी फेब्रुवारीत करून घेतली, तर मार्चच्या पहिल्या कोरड्या वाऱ्यालाही जुनी मोटार न तापता कोंडी पार करते.