विश्लेषण : शोभा गुर्टूंची ठुमरी जॅझमध्ये कशी रुळली? मैफलीचे ध्वनिमुद्रण एवढे मोलाचे का?

बेळगावात जन्मलेल्या आणि पुढे देशभर ‘ठुमरीची राणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शोभा गुर्टू यांच्या जन्माला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. ठुमरी, दादरा, कजरी, होरी हे त्यांचे हुकमी गानप्रकार. हाच आवाज १९८८ मध्ये एका जॅझ अल्बमवर ऐकू आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. लोकसंगीतात मुळे असलेले हे गाणे जॅझमध्ये उपरे का वाटले नाही? ते स्टुडिओपेक्षा मैफलीत जास्त का खुलते? आणि रत्नागिरीत मोबाइल उंचावून मैफल टिपणाऱ्या रसिकांनी काय लक्षात ठेवायला हवे?

शोभा गुर्टू कोण होत्या?

त्यांचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. जन्म ८ फेब्रुवारी १९२५, बेळगाव. आई मेनकाबाई शिरोडकर या नृत्यांगना आणि गायिका. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. लहानग्या भानुमतीची तालीम अल्लादिया खाँ यांचे धाकटे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. म्हणजे पाया ख्यालाचा होता. पुढे मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवण्यासाठी आलेले उस्ताद घम्मन खाँ यांच्याकडून मुलीलाही ती विद्या मिळाली आणि तिची वाट ठरली.

बेळगावच्याच गुर्टू कुटुंबातील विश्वनाथ गुर्टू यांच्याशी विवाह झाल्यावर त्या शोभा गुर्टू झाल्या. बेगम अख्तर आणि बडे गुलाम अली खाँ यांच्या गाण्याचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. ‘पाकिजा’ (१९७२) चित्रपटात त्या गायल्या. ‘मैं तुलसी तेरे आंगन की’मधील ठुमरीसाठी त्यांना फिल्मफेअरचे नामांकन मिळाले. मराठीत ‘सामना’ आणि ‘लाल माती’ या चित्रपटांसाठीही त्यांनी गायन केले. १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. २७ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जॅझशी गाठ कशी पडली?

घरातूनच. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू तबला शिकून मोठे झाले आणि पुढे युरोपात जाऊन जॅझमधील आघाडीचे तालवादक ठरले. अमेरिकेतील ‘ओरेगॉन’ या वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट यांचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. त्यानंतर त्यांच्या जागी त्रिलोक वाजवू लागले. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीत ते होते. या त्रयीने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम आजही आवडीने ऐकला जातो.

त्याआधी १९८८ मध्ये त्रिलोक यांचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम आला. त्यात ट्रम्पेटवादक डॉन चेरी, गिटारवादक राल्फ टाउनर, व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या जोडीला गायिका होत्या शोभा गुर्टू. अल्बममधील पहिल्या रचनेचे नावच आहे ‘शोभारॉक’. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’ या अल्बमवरही त्या गायल्या. त्यात पॅट मेथिनी आणि जो झाविनुल हे जॅझमधले दोन दिग्गज वाजवत होते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की या अल्बमसाठी शोभाताईंनी आपला गळा बदलला नाही. इंग्रजी गाण्याचा किंवा पाश्चात्त्य ढंगाचा आव आणला नाही. भोवतीची वाद्ये बदलली, गाण्याची रीत तीच राहिली.

ठुमरी आणि जॅझ यांचा मेळ कसा बसतो?

दोन्हींचे वळण एकमेकांच्या जवळचे आहे. जॅझमध्ये वादक आधी एक ओळखीची धून वाजवतात, मग एकेक जण त्या धुनेवर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे मूळ धुनेवर परततात. ठुमरीतही शब्द मोजकेच असतात. एकच ओळ दहा वेळा येते, पण दर वेळी तिचा अर्थ वेगळा लागतो. एकदा लटका राग, एकदा आर्जव, एकदा नुसती हुरहुर. याला ‘बोल बनाव’ म्हणतात. कोणती ओळ किती वेळा आणि कशी म्हणायची, हे लिहून ठेवलेले नसते.

मग येते ‘लग्गी’. गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबलजी दुगुनीत मोकळा सुटतो. तिहाई घेऊन तो समेवर आला की श्रोत्यांची दाद ठरलेली. जॅझमधला ड्रमवादकाचा सोलो ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल.

दुसरा दुवा लोकसंगीताचा. कजरी ही मिर्झापूर-बनारस भागातली पावसाळ्याची गाणी, चैती चैत्रातली, होरी फाल्गुनातली. शेतात, अंगणात, झोपाळ्यावर गायली जाणारी ही गाणी ठुमरीच्या गायिकांनी मैफलीत आणली. जॅझही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून, भक्तिगीतांतून आणि ब्लूजमधून वर आला. दोन्हीकडे शास्त्र आहे, पण खाली माती लोकगीताची आहे. शोभाताईंच्या गाण्यात आणखी एक गोष्ट होती : अभिनय. आई नृत्यांगना असल्याने शब्दाबरोबर डोळे आणि हात बोलायचे. ऐकताना हात दिसत नाहीत, पण शब्द ज्या तऱ्हेने सुटतो त्यात ते कळतात.

स्टुडिओ आणि मैफल, फरक काय?

जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. त्यामुळे ठुमरी असो की ख्याल, सगळे त्या मापात बसवावे लागे. एल.पी. आल्यावर एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली, तरी स्टुडिओत श्रोता नव्हताच. काचेपलीकडचा तंत्रज्ञ ‘वाहवा’ म्हणत नाही.

ठुमरीत हा फरक जास्त जाणवतो. एखादी जागा श्रोत्यांना भिडली की गायिका तीच ओळ पुन्हा घेते, थोडी वळवून. सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला तिचा सूर उचलून परत देतो, त्यावर ती पुढचे काही सुचवते. समोरच्या रांगेतून आलेला एक उद्गार पुढची पाच मिनिटे बदलू शकतो. हे स्टुडिओत घडवून आणता येत नाही. म्हणूनच मैफलीच्या ध्वनिमुद्रणात खोकला, खुर्चीचा आवाज, मध्येच तानपुरा जुळवणे हे सगळे असले, तरी जाणकार तेच शोधतात.

स्टुडिओला कमी लेखण्याचे कारण नाही. तिथे आवाज स्वच्छ मिळतो, चूक सुधारता येते. ‘उस्फ्रेट’सारखा वेगवेगळ्या देशांतील वादकांचा अल्बम असा नेटकेपणाने बांधावाच लागतो. पण स्टुडिओ सांगतो गाणे काय आहे, आणि मैफल सांगते ते कसे घडले.

एका रात्रीने काय साधते?

जगातील एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील ईव्हा कॅसिडी ही लोकगीते, ब्लूज आणि जॅझ सारख्याच सहजतेने गाणारी गायिका. वॉशिंग्टनमधील ‘ब्लूज अ‍ॅली’ या छोट्या जॅझ क्लबमध्ये जानेवारी १९९६ मध्ये तिने लागोपाठ दोन रात्री गाऊन लाइव्ह अल्बम करायचे ठरवले. पहिल्या रात्रीचे ध्वनिमुद्रण तांत्रिक बिघाडामुळे वाया गेले. दुसऱ्या रात्री तिला सर्दी झाली होती. आपला आवाज नीट लागला नाही म्हणून ती नाखूश होती, तरी अल्बम निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. तोवर वॉशिंग्टनच्या परिसराबाहेर तिला फारसे कोणी ओळखत नव्हते.

पुढे ब्रिटनमधील रेडिओवरून तिची गाणी घराघरांत पोहोचली आणि २००१ मध्ये तिचा संकलित अल्बम तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या संकलनातील काही गाणी त्याच सर्दीच्या रात्रीची होती. ती रात्र टिपली गेली नसती तर ती गाणी तिथेच विरली असती.

रत्नागिरीत याचे महत्त्व काय?

रत्नागिरीला मैफलीची सवय आहे. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी ब्रिटिशांनी बांधलेल्या थिबा राजवाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. ‘खल्वायन’सारखी संस्था मासिक संगीत सभा घेते. गावोगावच्या देवळांत उत्सवाला भजन आणि कीर्तन असते. शिवाय शिमग्यात आणि गणपतीत नमन आणि जाखडी असतेच. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, तेव्हा सवाल कोणता येईल आणि त्याला जबाब काय मिळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणजे प्रसंगी सुचलेले गाणे हा काही फक्त ठुमरीचा किंवा जॅझचा मक्ता नाही. तो आपल्या वाडीतल्या मांडवातही आहे.

मात्र यातले बरेचसे दुसऱ्या दिवशी उरत नाही. जे उरते ते एखाद्याच्या मोबाइलमध्ये, नाहीतर कोणाच्या कपाटातल्या कॅसेटवर. कोकणच्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लवकर धरते. तशी फीत थेट यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे हेडही खराब होते. घरात जुन्या मैफलींच्या कॅसेट असतील तर त्या आधी जाणकाराकडून साफ करून डिजिटल करून घेणे हेच शहाणपणाचे.

मोबाइलवर टिपलेली मैफल अपलोड करता येते का?

इथे कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क मिळाला. कलम ३८ नुसार हा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी भक्कम झाला : सादरीकरण ध्वनिमुद्रित करणे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे हा कलाकाराचा अधिकार, तसेच सादरीकरणासोबत आपले नाव यावे हाही त्याचा अधिकार.

कलम ३९ मध्ये सवलत आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा निव्वळ शिक्षण-संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हक्कभंग ठरत नाही. म्हणजे घरी पुन्हा ऐकण्यासाठी टिपणे वेगळे आणि तेच यूट्यूबवर टाकणे वेगळे. दुसऱ्यासाठी कलाकाराची परवानगी हवी. आयोजकांनी मनाई केली असेल तर मोबाइल खिशात ठेवणे हेच सभ्यपणाचे.

हा नियम केवळ नामवंतांसाठी नाही. जाखडीतला शाहीर, नमनातला मृदंगवाला, कीर्तनकाराचा पेटीवाला हेही कायद्याच्या नजरेत कलाकारच आहेत. त्यांचे व्हिडिओ लाखो वेळा पाहिले जातात, पण अनेकदा खाली त्यांचे नावही नसते.

आयोजकांनी काय करावे?

खर्च फार नाही, तयारी हवी. कार्यक्रम ठरवतानाच कलाकाराशी ध्वनिमुद्रणाबाबत लेखी बोलावे : कशासाठी, कुठे वापरणार, मोबदला काय. ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून आवाज थेट घ्यावा आणि त्याबरोबर श्रोत्यांच्या बाजूने आणखी दोन माइक लावावेत. नुसत्या मिक्सरच्या आवाजात दाद ऐकू येत नाही आणि नुसत्या मोबाइलमध्ये गाणे दूरचे वाटते. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो, त्यामुळे हळुवार जागा आणि चढा सूर एकाच उंचीचे होतात. ठुमरीचा तर जीवच त्या हळुवार जागांत असतो.

मूळ फाइल कमी दर्जाची करून साठवू नये. तिच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तारीख, ठिकाण, राग-ताल आणि सर्व साथीदारांची नावे त्याच दिवशी नोंदवावीत. वर्षाने ती कोणालाच आठवत नाहीत.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी शोभा गुर्टूंची एखादी कजरी किंवा दादरा ऐकावा, तबला-सारंगीच्या साध्या साथीतला. मग ‘उस्फ्रेट’मधील ‘शोभारॉक’. शेवटी त्यांच्या मैफलीचे एखादे मोठे ध्वनिमुद्रण, हेडफोन लावून, मध्ये न थांबवता. एक ओळ किती वेळा आली ते मोजावे आणि दर वेळी काय बदलले ते पाहावे. लग्गी संपून गाणे मुखड्यावर परतते, तिथे श्रोत्यांचा आवाज कधी येतो याकडेही लक्ष द्यावे. अल्बमच्या मुखपृष्ठावर त्या श्रोत्यांची नावे नसतात, पण गाणे तसे घडण्यात त्यांचाही वाटा असतो.