रिकामा जिना का थांबतो?

देगलूरहून कपड्याच्या खरेदीसाठी हैदराबादला जाणाऱ्या बांधवांना मेट्रोची चांगली सोय झाली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मियापूर ते नागोल मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अमीरपेट ते एल. बी. नगर हा भाग जोडला गेला. आता मियापूरला बसून गाडी न बदलता महात्मा गांधी बसस्थानकाजवळ उतरता येते. तिथून मदिना, पत्थरगट्टीचा कपडाबाजार जवळच आहे.

मेट्रो म्हटली की सरकता जिना आलाच. एकदा एका मोठ्या शहरातील स्थानकावर आम्ही पाहिले, की एक बुजुर्ग गृहस्थ डोक्यावर गाठोडे घेऊन साध्या पायऱ्या चढत होते. शेजारचा सरकता जिना थांबलेला होता, म्हणून तो बंद पडला आहे असा त्यांचा समज झाला. आम्ही जिन्याजवळ जाताच तो आपोआप सुरू झाला. तो जिना बिघडलेला नव्हता, वीज वाचवीत होता.

याची रीत सोपी आहे. जिन्याच्या तोंडाशी डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचा किंवा रडारचा सेन्सर असतो. माणूस जवळ आला की तो मोटारीला इशारा देतो. शेवटचा प्रवासी उतरून ठरलेला वेळ गेला, की जिना थांबतो किंवा अगदी सावकाश चालू लागतो. पुन्हा वेग घेताना झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर मोटारीचा वेग हळूहळू वाढवतो. मोटार एकदम सुरू केली तर ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टरमुळे तेही टळते.

आता व्यापाऱ्याचा हिशेब करू. समजा, रिकामा जिना पूर्ण वेगाने तासाला २ युनिट खातो आणि सावकाश चालताना १ युनिट. दिवसात ८ तास तो रिकामा असेल, तर रोज ८ आणि वर्षाला २,९२० युनिट वाचतात. जिना पूर्ण थांबत असेल, तर बचत याहून जास्त. मात्र जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी तुटत नाही, तिथे या यंत्राचा फायदा थोडाच. म्हणजे फायदा रिकाम्या वेळेवर ठरतो.

हाच हिशेब आपल्या शिलाई कारागिरांनी आपल्या कारखान्यात लावून पाहावा. जुन्या पद्धतीच्या शिलाई मशीनची क्लच मोटार कारागीर कापड जुळवीत असला, धागा ओवीत असला, तरी फिरतच राहते. सर्वो मोटार पायदान दाबल्यावरच फिरते. आवाज कमी, तापणे कमी, बिलही कमी. दहा मशीन असतील तर मोटार बदलण्याचा खर्च आणि महिन्याच्या बिलातील बचत समोरासमोर मांडावी, मगच निर्णय घ्यावा. गोदामात आणि माळ्यावर सेन्सरचा दिवा लावला, तर विसरून रात्रभर जळणारा बल्बही थांबतो.

जिन्यावर मात्र खबरदारी हवी. तोंडाशी हिरवा बाण असेल तरच पाऊल टाकावे. लाल खूण असेल तर तो जिना समोरून येणाऱ्यांसाठी आहे, थांबलेला दिसला तरी त्यावर चढू नये. साडीचा पदर, बुरखा, ओढणी आवरून धरावी आणि पिवळ्या रेघांच्या आत उभे राहावे. जड गाठोड्यासाठी लिफ्ट वापरावी. कोणाचा कपडा अडकला तर लाल बटण दाबावे, जिना लगेच थांबतो. घरातील बुजुर्गांना, विशेषतः हजला निघालेल्यांना, हे आधीच समजावून सांगावे.

नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. विजेचेही तेच आहे. इस्राफ थांबला की बरकत वेगळी शोधावी लागत नाही.